'फ्रेझल व्हर्ब'च्या याद्या नकोत, वाक्ये द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आपल्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत इंग्रजीची जी मार्गदर्शके, झेरॉक्स नोट्स आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ वापरल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांत 'फ्रेझल व्हर्ब', म्हणजे 'ऑफ', 'अप' असे अव्यय जोडल्याने अर्थ बदललेले क्रियापद, हा भाग एकाच साच्यात छापलेला असतो. डाव्या रकान्यात इंग्रजी क्रियापद, उजव्या रकान्यात एक मराठी शब्द आणि वर 'पाठ करा' अशी सूचना. मुलेही ती प्रामाणिकपणे पाळतात. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की अशा यादीतून फार तर एका गुणाचा पर्याय अचूक निवडता येतो. वाक्य वाचून समजणे आणि स्वतःचे वाक्य बरोबर लिहिणे या दोन्ही गोष्टी तिच्यातून येत नाहीत. आपल्या दैनिकाचे वाचक गावोगावच्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत असल्याने हा विषय आपल्यापुढे सविस्तर मांडत आहे.

'कॉल ऑफ' हे एकच उदाहरण आधी नीट पाहू. 'ट्रान्सपोर्टर्स कॉल ऑफ स्ट्राइक' असा मथळा नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून अर्थ विचारला, की बहुतेक मुले 'वाहतूकदारांनी संप पुकारला' असे सांगतात. त्यांचा तर्क चांगला असतो, कारण 'कॉल' म्हणजे हाक मारणे, पुकारणे, आणि 'कॉल अ स्ट्राइक' म्हणजे खरोखरच संप पुकारणे. त्या तर्कात फक्त 'ऑफ' हे दोन-तीन अक्षरांचे अव्यय जमेस धरलेले नसते, आणि तेवढ्याने अर्थ थेट उलटा होतो: वाहतूकदारांनी संप मागे घेतलेला असतो. रावेर-यावलकडच्या ज्या केळी उत्पादकाचा माल ट्रकने दिल्लीकडे जातो, त्याने हा मथळा उलटा वाचला तर कापणी करायची की थांबवायची हा त्याचा निर्णयच चुकेल. अवघड शब्द अडला तर माणूस कोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. येथे मात्र 'कॉल' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द प्राथमिक शाळेपासून ओळखीचे असल्याने आपले काही अडले आहे हेच वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या क्रियापदांचा खरा धोका मला त्यात दिसतो.

अर्थ कळल्यावरही काम संपत नाही, कारण 'कॉल ऑफ' वापरायचे कसे हा प्रश्न उरतो. 'दे कॉल्ड ऑफ द स्ट्राइक' आणि 'दे कॉल्ड द स्ट्राइक ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. परंतु 'स्ट्राइक'च्या जागी 'इट' हे सर्वनाम आले की त्याला मध्येच बसावे लागते, म्हणजे 'दे कॉल्ड इट ऑफ' हे बरोबर आणि 'दे कॉल्ड ऑफ इट' हे चूक. याउलट 'लुक आफ्टर' या क्रियापदाचे तुकडे होत नाहीत. 'शी लुक्स आफ्टर हिम' असेच म्हणावे लागते, 'शी लुक्स हिम आफ्टर' म्हणता येत नाही. दोन रकान्यांच्या यादीत ही माहिती मावतच नाही. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत मात्र ती नोंदीतच दिलेली असते, कारण तेथे क्रियापदासोबत 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द कोठे बसतो ते छापलेले असते. असे कोश आता मोबाइलवर विनामूल्य उघडतात, तरी ती खूण वाचायला आपण मुलांना क्वचितच शिकवतो.

'कॉल ऑफ'च्या शेजारी 'पुट ऑफ' ठेवून शिकवले पाहिजे. यादीत ही दोन क्रियापदे आद्याक्षरांमुळे बरीच दूर पडतात. व्यवहारात मात्र ती एकाच प्रसंगी समोर येतात. शहाद्याच्या एखाद्या मुलाला नाशिकच्या कंपनीकडून 'द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ' असा संदेश आला तर मुलाखत पुढे ढकलली गेली आहे आणि नवी तारीख विचारली पाहिजे; 'कॉल्ड ऑफ' असा आला तर ती रद्द झाली आहे आणि दुसरीकडे अर्ज केला पाहिजे. दोन्ही संदेशांचा 'आता येऊ नका' एवढाच बोध झाला तर एक संधी हातची जाते.

आता उजव्या रकान्याकडे वळतो, कारण माझी मोठी तक्रार तिथे आहे. 'गिव्ह अप : सोडून देणे' ही नोंद चुकीची म्हणता येणार नाही. परंतु मराठीत आपण व्यसन सोडतो, आशा सोडतो, गाव सोडतो, जागा सोडतो आणि गडबडीत पिशवीही कोठेतरी सोडून येतो. यादी पाठ केलेला विद्यार्थी 'आय गेव्ह अप माय बॅग अ‍ॅट भुसावळ स्टेशन' असे लिहितो आणि ते का चुकले हे त्याला उमगत नाही. सवय, आशा, प्रयत्न, हक्क, गाडीत वृद्ध माणसासाठी आपण मोकळी केलेली आपली जागा, असे आपल्याकडे असलेले काही आपण होऊन सोडण्याला 'गिव्ह अप' म्हणतात. विसरून राहिलेल्या पिशवीसाठी 'लेफ्ट' एवढेच पुरते. तसेच 'कॅरी आउट'चे. यादीत त्याचा अर्थ 'पार पाडणे' असा दिलेला असतो, आणि आपल्याकडे विवाह सोहळेही थाटात पार पडतात, म्हणून 'द मॅरेज वॉज कॅरीड आउट' असे वाक्य निबंधाच्या वहीत हमखास सापडते. इंग्रजीत 'कॅरी आउट' करतात ते आदेश, सर्वेक्षण, दुरुस्ती, तपासणी, प्रयोग, कधी धमकीसुद्धा. लग्न त्यांत बसत नाही. क्रियापद कोणत्या नामांच्या संगतीत वावरते हे कळल्याखेरीज ते आले असे म्हणता येत नाही, आणि ती संगत कळायला वाक्येच वाचावी लागतात.

ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही, हेही त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी क्रियापदाला मागून अव्यय जोडून अर्थ बदलण्याच्या या रीतीचा मुद्दाम उल्लेख केला आणि परकीयांना इंग्रजी शिकताना सर्वांत मोठी अडचण हीच येते असे नोंदवले. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्या मानाने पुष्कळ अलीकडचे आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली ते आपल्या पुस्तकात वापरले आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे तेथेच सांगितले. इंग्रज कोशकारांनीच जो भाग परकीयांसाठी सर्वांत कठीण ठरवला, त्यात चोपड्याची किंवा साक्रीची मुलगी अडखळली तर 'तुझे इंग्रजीच कच्चे आहे' असा शिक्का मारून तिला गप्प बसवणे अन्यायाचे आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक उलटसुलट गोष्ट घडते. 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे शब्द त्यांना बऱ्यापैकी माहीत असतात, कारण शासकीय पत्रे, परिपत्रके आणि पाठ्यपुस्तके त्याच वळणाची असतात. हे शब्द लॅटिन मुळाचे आहेत. इंग्रजी घरात वाढलेले मूल मात्र 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट अप विथ' आणि 'लुक इनटू' आधी बोलते आणि 'पोस्टपोन' वगैरे पुढे शाळेत शिकते. मराठीतही सूचनाफलकावर परीक्षा 'स्थगित करण्यात येते' आणि घरी आल्यावर तीच परीक्षा 'पुढे ढकलली' असे आपण सांगतो. स्थगित करणारी मराठी येणाऱ्या पण पुढे ढकलणारी मराठी न येणाऱ्या माणसाची बाजारात, दवाखान्यात किंवा बसस्थानकावर जी गत होईल, तीच आपल्या मुलांची मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत इंग्रजी ऐकताना होते. बोलणाऱ्याचा एकेक शब्द कळतो आणि वाक्य निसटते.

यावर उपाय म्हणून मुलांनी आणखी शब्द घोकावेत असे मला वाटत नाही. साधे क्रियापद संगत बदलली की अर्थ कसा बदलते, याचे ज्ञान प्रत्येक मराठी मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षीच झालेले असते. ते वर्गात उपयोगात आणले पाहिजे. 'बसणे' हे क्रियापद घ्या. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, चिखलात गाडीचे चाक रुतून बसते, मूल हट्ट धरून बसते आणि आपण नको ते बोलून बसतो. यांपैकी एकाही ठिकाणी कोणी सतरंजी अंथरून बसलेले नाही. 'लागणे'चेही तसेच: भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, नाद लागतो, काम मार्गी लागते, पोर रडू लागते. 'डोळा लागला' याचा अर्थ झोप लागली असाच कोणीही घेतो. वर्गात ही वाक्ये मुलांकडूनच काढून घेऊन फळ्यावर लिहिली आणि मग 'टेक ऑफ' शिकवले, तर विमान उडते तेही 'टेक्स ऑफ', दारात चपला काढल्या तेही 'टुक ऑफ' आणि नवा धंदा जोर धरतो तेही 'टेक्स ऑफ', यात मुलांना विपरीत काही वाटत नाही.

अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या पदरी तर यापेक्षाही जवळची सामग्री आहे. 'खाई ले', 'करी टाक', 'सांगी दे' ही रूपे त्यांच्या तोंडी दिवसभर असतात. 'खा' आणि 'खाई टाक' यांत जो फरक आहे, जवळपास तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे: पानात काही ठेवायचे नाही, काम पुरे करायचे. हा फरक प्रमाण मराठीत 'खाऊन टाक' असा सांगता येतोच. परंतु अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या पट्ट्यातील मुलाला तो अहिराणीत सांगितला तर लगेच पटतो, आणि आपल्या घरच्या बोलीचाही व्याकरणाच्या तासाला उपयोग आहे हे त्याला प्रथमच कळते. नंदुरबारच्या डोंगराळ भागात घरी भिली, पावरी किंवा मावची आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी ही आणखी एक भाषा म्हणून शिकावी लागते. तेथील शिक्षकांनी त्या-त्या बोलीतली अशी रूपे मुलांनाच विचारून गोळा केली तर ते काम मोलाचे होईल. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपले अखेरचे दिवस घालवले आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या भागाला क्रियापदांची चिकित्सा परकी नसावी. मराठी धातूंचा कोश रचण्याचे कामही राजवाड्यांनीच हाती घेतले होते.

मराठीचा आधार घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. वाक्याची बांधणी दोन्ही भाषांत सारखी असेलच असे नाही. 'रन आउट ऑफ' हे याचे चांगले उदाहरण आहे. क्रिकेटमुळे 'रन आउट' मुलांना पाठ असते, पण 'वुई हॅव रन आउट ऑफ डिझेल' हे वाक्य त्यांना चकवते. मराठीत 'आमचे डिझेल संपले', म्हणजे संपणारे डिझेल हा कर्ता. इंग्रजीत मात्र ज्याच्याकडचे डिझेल संपले तो माणूस कर्त्याच्या जागी येतो. 'द डिझेल हॅज रन आउट' असेही म्हणता येते, पण तेव्हा 'ऑफ' गळून पडते. ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहून दाखवली की मुलांना फरक दिसतो. 'संपणे' एवढा एक शब्द उजव्या रकान्यात वाचून तो कधीच दिसणार नाही.

अव्ययांच्या अर्थांकडेही लक्ष वेधता येते. 'ऑफ'मध्ये तुटणे, दूर होणे, बंद पडणे यांची छटा पुष्कळदा असते: 'कट ऑफ', 'स्विच ऑफ', 'लॉग ऑफ', 'कॉल ऑफ'. 'ऑन'मध्ये चालू राहण्याची असते, म्हणून 'कॅरी ऑन', 'कीप ऑन' यांना आपले 'करत राहा', 'बोलत राहा' जवळचे पडते. ही छटा आठवणीला आधार देते. तिचा नियम करू नये, कारण 'पुट ऑफ'चा 'मन उडणे, नकोसे होणे' हा दुसरा अर्थही आहे आणि तो संदर्भावाचून ओळखता येत नाही.

उच्चाराचा मुद्दा थोडक्यात सांगतो. बोलताना इंग्रज माणूस 'कॉल इट ऑफ' मधील 'ऑफ'वर जोर देतो. आपण 'कॉल'वर देतो. ऐकणाऱ्याने त्या शेवटच्या जोराकडे कान ठेवला तर बरेच गोंधळ टळतात.

भारतीय वापराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे पदवी पूर्ण केल्याला 'पास आउट' म्हणतात आणि नोकरीच्या अर्जांतही तसे लिहितात. सैन्य किंवा पोलीस प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला इंग्लंडमध्येही हा शब्द वापरतात; तथापि महाविद्यालयाच्या संदर्भात परदेशी माणसाला तो 'बेशुद्ध पडणे' असाच ऐकू येईल, म्हणून तेथे 'ग्रॅज्युएटेड' लिहिणे बरे. अर्ज भरण्याला आपण 'फिल अप' म्हणतो, ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात आणि अमेरिकी 'फिल आउट'. 'फिल अप' आपल्याकडे सर्वत्र रुळलेले आहे, त्यासाठी मी मुलाचे गुण कापणार नाही. परंतु उरलेली दोन्ही रूपे त्याला ओळखता आली पाहिजेत, नाहीतर परदेशी संकेतस्थळावरचा साधा अर्ज भरताना तो थबकतो. 'कोप अप विथ' मात्र सरळ चूक आहे. तेथे 'कोप विथ' एवढेच हवे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज बारावीला बसणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. एवढ्या अवधीत दर आठवड्याला एकच क्रियापद वाक्यांसह नीट शिकवले तरी व्यवहारात लागणारी बहुतेक सगळी सहज होऊन जातील. वेळ पुरेसा आहे. तो आपण दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या तोंडावर, सगळी यादी एकदम गिळण्यात घालवतो, आणि त्या घाईत सर्वांत जास्त भरडली जातात ती घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसलेली मुले.

म्हणून आपणास विनंती आहे की आपल्या विद्यार्थी पुरवणीत दर आठवड्याला एका 'फ्रेझल व्हर्ब'साठी जागा द्यावी. मजकूर मोठा नको. क्रियापदाचा अर्थ एका शब्दात न देता दोन-तीन मराठी वाक्यांत द्यावा. सर्वनाम कोठे बसते ते दाखवावे. ते कोणत्या नामांबरोबर येते आणि कोणत्यांबरोबर येत नाही हे सांगावे. आणि उदाहरणे आपल्या जिल्ह्यांतली घ्यावीत. 'लुक इनटू' घेतले तर 'द तहसीलदार विल लुक इनटू द कम्प्लेंट' म्हणजे तहसीलदार तक्रारीची चौकशी करतील, आणि 'द बॉय लुक्ड इनटू द वेल' म्हणजे मुलाने विहिरीत डोकावले. शब्द तेच असून विहिरीपाशी त्यांचा सरळ अर्थ घ्यायचा आणि तक्रारीपाशी जोडीचा, हे अशा दोन वाक्यांतून आठवीच्या मुलालाही समजते. नामवंत परदेशी पुस्तकांतली लंडनच्या हवेची आणि तेथल्या भुयारी रेल्वेची वाक्ये वाईट नाहीत, पण कापसाच्या वेचणीचे, केळीच्या ट्रकचे, भुसावळच्या फलाटाचे वाक्य मुलाच्या लक्षात राहते, कारण त्यातला प्रसंग त्याने पाहिलेला असतो.

आपली संमती असल्यास पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर मी विनामूल्य लिहून पाठवीन. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दोन शिक्षक सहकाऱ्यांनी अहिराणी आणि पावरी उदाहरणे तपासून देण्याची तयारी दाखवली आहे. सुरुवात 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' या जोडीने करावी, आणि ती शक्यतो परीक्षांच्या वेळापत्रकांचे दिवस सुरू होण्यापूर्वी व्हावी, असे सुचवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव